ब्रेस की व्यायाम? वाढत्या मुलांच्या पाठीचा बाक आणि आपला निर्णय

"पोक काढून बसू नकोस" हे वाक्य आमच्या ठाण्याच्या घरात दिवसातून दहादा व्हायचं. लेक तेरा वर्षांचा असताना एक्स-रे काढला आणि कळलं, की त्याला ताठ बसताच येत नव्हतं. लागोपाठचे तीन मणके पुढून दबून पाचरीसारखे झाले होते. बाक ५८ अंशांचा. साधारण २० ते ४५ अंशांपर्यंतचा बाक सगळ्यांनाच असतो. त्याला इतकं बोलल्याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून निवड करण्याआधी घरीच एक गोष्ट बघा. मुलाला सतरंजीवर पालथं झोपवून डोकं आणि खांदे उचलायला सांगा. बाक निघून गेला तर ती बहुधा बसण्याची सवय आहे, तिथे ब्रेसचा, म्हणजे पाठीला आधार देणाऱ्या, अंगावर घालायच्या साच्याचा, विषयच नको. बाक तसाच राहिला, पुढे वाकल्यावर बाजूने पाठीला टोक आल्यासारखं दिसलं, तर शॉयरमन आजाराची, म्हणजे मणके पाचरीसारखे होऊन येणाऱ्या ताठर बाकाची, शंका घ्या आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जा. होल्गर शॉयरमन या डॅनिश डॉक्टरांनी १९२०च्या सुमारास तो वेगळा ओळखला. जड दप्तराने पाठ दुखते हे खरं, पण मणके पाचरीसारखे होतात ते त्यामुळे नव्हे.

आता व्यायाम. मांडीच्या मागचे आखडलेले स्नायू आणि छाती मोकळी करायची, पाठीला बळ द्यायचं. दुखणं यानेच उतरतं, आणि हे कुठल्याही वयात सुरू करता येतं. मात्र पाचरीसारखा झालेला मणका व्यायामाने पुन्हा चौकोनी होत नाही. "रोज सूर्यनमस्कार घाला, सरळ होईल" असं सांगणारे भेटतील. त्यांच्या भरवशावर वर्ष घालवू नका, कारण ब्रेसची वेळ तेवढ्यात निघून जाते.

ब्रेस मणक्यांच्या पुढच्या भागावरचा भार कमी करतो, म्हणजे त्या बाजूला वाढायला वाव मिळतो. म्हणून हाडं वाढत असतील तरच त्याचा उपयोग. साधारण ५० ते ७५ अंशांच्या दरम्यान डॉक्टर तो सुचवतात. दिवसाचे सोळा ते तेवीस तास, वाढ थांबेपर्यंत. सोडल्यावर मिळवलेलं थोडंफार परतही जातं, हे आधीच माहीत असू द्या. मेडिकलमध्ये मिळणारा खांद्याचा इलास्टिक पट्टा म्हणजे ब्रेस नाही. आम्ही तोही आणला, दोन महिने फुकट गेले.

खरी परीक्षा ठाण्याच्या मे महिन्यात. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये घामाने भिजलेलं पोर घरी यायचं, ब्रेस काढला की कमरेच्या हाडावर लालभडक वळ. मग सुती बनियन उलटं घालायला लागलो, शिवण बाहेर, दोन बनियनं दप्तरात जास्तीची. वळ अर्ध्या तासात गेला नाही की ब्रेस बनवणाऱ्याकडून घासून आणायचा. हे सगळं निभावणार असाल तरच ब्रेस घ्या. कपाटात ठेवलेल्या ब्रेसचे पैसे वाया जातात आणि मुलाच्या मनात अपराधीपणा तेवढा उरतो. आणि ब्रेस घेतला तरी व्यायाम सुटत नाहीत.

शस्त्रक्रियेची भीती आधीच घेऊ नका. बाक ७०-७५ अंशांच्या पुढे, शिवाय वाढतोय किंवा दुखणं थांबत नाही, अशा वेळी ती चर्चा होते.

माझं मत स्पष्ट आहे. बाक ताठर, अंश पन्नाशीच्या पुढे आणि वाढ बाकी, तर ब्रेस. नाहीतर व्यायाम. डॉक्टरांना "वाढ किती राहिली?" हे आवर्जून विचारा. कमरेच्या हाडाच्या एक्स-रेवरून त्यांना त्याचा अंदाज येतो.

ऐरोलीच्या माझ्या भाचीचा बाक ५२ अंशांचा, पण वय सोळा आणि वाढ संपलेली. तिला ब्रेस दिला नाही, तेच योग्य होतं. क्लासला निघण्याआधी ती भिंतीला पाय टेकवून पडते, पाच मिनिटं डावा, पाच मिनिटं उजवा. पूर्वी दुसऱ्या तासालाच पाठ धरायची, आता पूर्ण क्लास बसते.