'वी आर मार्शल' की 'सोसायटी ऑफ द स्नो': संघाला एकच दाखवायचा असेल तर

खेळाडूंच्या निवासी शिबिरात एक संध्याकाळ चित्रपटासाठी राखलेली असते. जिंकल्याच्या गोष्टी दाखवून झालेल्या असतात. मग एखादा प्रशिक्षक म्हणतो, या वेळी जरा वेगळं काही दाखवू, आणि बहुधा ही दोन नावं पुढे येतात. दोन्ही चित्रपट खऱ्या विमान अपघातांवरचे आहेत. दोन्हींत विशीच्या आसपासची मुलं आहेत आणि दोन्हींत संघ म्हणजे अख्ख्या वस्तीची लेकरं आहेत. आमच्या मैदानावरच्या मुलामुलींसाठी मी ही निवड केली आहे आणि दोन्ही चित्रपट त्यांच्यासोबत बसून पाहिले आहेत. माझं मत एका बाजूला झुकलं आहे. ते का झुकलं ते सांगतो. तुमचा संघ वेगळा असेल, तर तुमचा निर्णयही वेगळा होऊ शकेल.

घटना बहुतेकांना माहीत असतात, म्हणून थोडक्यात. १४ नोव्हेंबर १९७० च्या रात्री मार्शल विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलचा संघ नॉर्थ कॅरोलायनातला सामना हरून परत येत होता. वेस्ट व्हर्जिनियातल्या हंटिंग्टन शहराजवळ विमानतळाच्या अलीकडेच त्यांचं विमान टेकडीवर कोसळलं. ७५ जण गेले. त्यात ३७ खेळाडू होते, प्रशिक्षक आणि त्यांचे सहकारी होते, आणि संघाच्या प्रेमापोटी सोबत गेलेली शहरातली २५ माणसं होती. दुसरा अपघात १३ ऑक्टोबर १९७२ चा. उरुग्वेच्या राजधानीतल्या ओल्ड ख्रिश्चन्स या रग्बी क्लबचे खेळाडू, त्यांचे मित्र आणि नातेवाईक चिलीला निघाले होते. विमान अँडीजच्या बर्फात पडलं. ४५ जणांपैकी १६ जण ७२ दिवसांनी जिवंत परतले.

आधी 'वी आर मार्शल' (२००६) बद्दल, कारण संघासाठी चित्रपट शोधणाऱ्याचा हात पहिल्यांदा त्याच्याकडेच जातो, आणि त्याला कारणही आहे. खेळ म्हणून पाहिलं तर हाच दोघांतला खरा खेळपट आहे. अपघात पहिल्या काही मिनिटांत होऊन जातो. तोही दिग्दर्शक मॅकजी यांनी फार संयमाने दाखवला आहे: विमानात गप्पा चालू आहेत आणि एकदम पडदा काळा. आगीचा लोळ नाही, किंकाळ्या नाहीत. उरलेला सगळा चित्रपट पुढच्या वर्षाचा आहे. संघच उरला नाही, तर पुढच्या मोसमाचं काय करायचं?

हा प्रश्न चित्रपट कामाच्या पातळीवर हाताळतो, आणि प्रशिक्षक म्हणून मला ते फार आवडतं. त्या काळी अमेरिकी विद्यापीठांच्या मुख्य फुटबॉल संघात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना खेळता येत नसे. मार्शलला त्या नियमातून सूट मिळवावी लागली, नाहीतर अकरा जणही उभे राहिले नसते. नवे प्रशिक्षक जॅक लेंगिएल आणि विमानात नसल्यामुळे वाचलेले सहायक प्रशिक्षक रेड डॉसन त्याच राज्यातल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाचे प्रशिक्षक बॉबी बाउडेन यांच्याकडे जातात आणि त्यांची खेळण्याची पद्धत शिकू द्या म्हणून विनंती करतात. एरवी कुणी प्रतिस्पर्ध्याला आपले डावपेच दाखवेल का? बाउडेन दाखवतात. त्यांच्या खेळाडूंच्या हेल्मेटवर मार्शलच्या मुलांसाठी हिरवा क्रूस लावलेला असतो. हेही खरंच घडलेलं आहे. आमच्या मुलांपैकी दोघांनी नंतर याच प्रसंगाबद्दल विचारलं, आणि त्या संध्याकाळची सगळ्यात चांगली चर्चा त्यावरच झाली.

शेवटही खोटा नाही. २५ सप्टेंबर १९७१ ला झेवियरविरुद्धचा सामना त्या नवख्या संघाने अगदी शेवटच्या खेळीवर १५–१३ असा जिंकला. ही गोष्ट एखाद्या लेखकाने रचली असती तर आपण विश्वास ठेवला नसता. त्या वर्षी त्यांनी दहापैकी दोनच सामने जिंकले, आणि पराभवांपेक्षा विजय जास्त असलेला मोसम यायला १९८४ उजाडावं लागलं, हे मी मुलांना आवर्जून सांगतो. एका सामन्याने सगळं सावरतं असं त्यांना वाटू नये.

मग अडलं कुठे? माझं अडलं पॉल ग्रिफिनपाशी.

ग्रिफिन हा या चित्रपटाच्या दुःखाचा मुख्य वाहक आहे. पोलादाच्या कारखान्याशी बांधलेला, विद्यापीठाच्या कारभारात वजन असलेला बाप. त्याचा एकुलता एक खेळाडू मुलगा अपघातात गेला आहे, आणि संघ पुन्हा उभा करायला त्याचा ठाम विरोध आहे. त्या मुलाची वाग्दत्त वधू ॲनी ही संपूर्ण गोष्ट आपल्याला सांगते. इयन मॅकशेन आणि केट मारा यांची कामं उत्तम आहेत. पहिल्यांदा पाहताना ग्रिफिन आणि ॲनी एका टेबलाशी बसलेले असताना माझाही घसा दाटला होता. चित्रपट संपल्यावर मी त्या बापाबद्दल वाचायला बसलो आणि कळलं की असा बापच नव्हता. मुलगा नव्हता, ती मुलगीही नव्हती. तिघेही रचलेले.

रचलेली पात्रं चित्रपटात असतात, त्याला माझी हरकत नाही. हरकत कशाला आहे ते नीट सांगायचा प्रयत्न करतो. हंटिंग्टनमध्ये त्या रात्री सत्तर मुलांनी आई किंवा वडील गमावले, आणि त्यातल्या १८ जणांचे दोघेही गेले. विमानात शहरातले डॉक्टर होते, लोकप्रतिनिधी होते, जोडप्यानं सामना पाहायला गेलेली माणसं होती. घरी आजी-आजोबांकडे किंवा शेजाऱ्यांकडे ठेवलेली पोरं सकाळी पोरकी होऊन उठली. एका शहरावर याहून मोठं काय कोसळायचं? आणि चित्रपटात या मुलांपैकी जवळजवळ कुणी नाही. त्यांच्या जागी एक न झालेला बाप रडतो आणि एक न झालेली सून अंगठी सांभाळते. खरे लोक आहेत, पण ते बहुतेक वाचलेले आणि उभारणी करणारे: लेंगिएल, डॉसन, जखमी असल्यामुळे मागे राहिलेला नेट रफिन, विद्यापीठाचे प्रमुख डेडमन. गेलेल्यांच्या घरचं दुःख मात्र रचलेल्यांच्या हाती दिलं आहे. हे एकदा लक्षात आलं की पुढच्या प्रत्येक वेळी तेच दिसत राहतं. निदान मला तरी.

याची दुसरी बाजूही आहे आणि ती मला पटते. खऱ्या कुटुंबाचा शोक नटांकडून करवून घेणं हे त्या कुटुंबाला जाचक होऊ शकतं, म्हणून एक काल्पनिक घर उभं करून सगळ्यांचं दुःख त्यात ठेवायचं, हा सभ्य मार्ग आहे. हंटिंग्टनने या चित्रपटाला परकं मानलं नाही. त्याचा पहिला खेळ त्याच शहरातल्या जुन्या कीथ-अल्बी चित्रपटगृहात झाला. गावाने आपलं मानलं असेल, तर दूरवरून मी नाक मुरडण्यात अर्थ नाही. तरीही निवड करायची वेळ आली तेव्हा ते मनातून जाईना.

त्याला एक कारण घरचं आहे. आमच्या मैदानावरचा एक मुलगा रस्त्यावरच्या अपघातात गेला. त्यानंतरच्या स्पर्धेत त्याच्या आठवणीत दोन मिनिटं स्तब्धता पाळायचं ठरलं. सूत्रसंचालकाने "आपल्यातून गेलेला एक गुणी खेळाडू" असं म्हटलं आणि कार्यक्रम पुढे नेला. मुलाचे वडील तिथेच बसले होते. नंतर ते माझ्याकडे आले आणि शांतपणे एवढंच म्हणाले, "सर, नाव घेतलं असतं तर बरं झालं असतं." तेव्हापासून गेलेल्या माणसाबद्दल कुणी काही दाखवत असेल, तर त्याचं नाव कुठे आहे, हे माझे डोळे आधी शोधतात.

'सोसायटी ऑफ द स्नो' (२०२३) तिथे मला जिंकतो. स्पॅनिश दिग्दर्शक जे. ए. बायोना यांनी त्यात एक साधी गोष्ट केली आहे. कोणी गेलं की पडद्यावर त्याचं पूर्ण नाव आणि वय येतं. दरवेळी. पहिल्याच धक्क्यात गेलेल्यांचं येतं, २९ ऑक्टोबरच्या हिमप्रपाताखाली गाडल्या गेलेल्या आठ जणांचं येतं. ओळख व्हायच्या आधीच जे संपले, त्यांचंही येतं. याच घटनेवरच्या १९९३ च्या इंग्रजी 'अलाइव्ह'शी तुलना केली की यातला फरक कळतो. क्लबचा कर्णधार मार्सेलो पेरेस याने पडल्यापासून सगळ्यांना धरून ठेवलं, चॉकलेट आणि वाइनचे मोजून वाटे केले, आणि तो हिमप्रपातात गेला. त्या जुन्या चित्रपटात त्याच्या जागी दुसऱ्याच नावाचा कर्णधार आहे. बायोनांच्या चित्रपटात तो मार्सेलोच आहे.

गोष्ट सांगणारा कोण, हे त्याहून मोठं. अशा कथा वाचलेल्यांच्या तोंडून येतात, आणि ते साहजिकही आहे. इथे सांगतो नुमा तुरकात्ती. तो क्लबचा खेळाडूही नव्हता, मित्रांच्या आग्रहाने गेला होता. बर्फातून चालून मदत आणणारे नान्दो पारादो आणि रोबेर्तो कानेसा हे या घटनेचे प्रसिद्ध वीर आहेत, आणि त्यांचं चालणं चित्रपटात पुरेपूर आहे. पण आपल्या कानाशी आवाज नुमाचा. तो ११ डिसेंबर १९७२ ला गेला, सुटकेच्या दीड आठवडा आधी. मुलांना हे आधी सांगू नका. आमच्या खोलीत त्या क्षणी झालेली शांतता मी दुसऱ्या कुठल्या चित्रपटाला पाहिलेली नाही.

आणखी एक छोटा धागा: गुस्तावो सेर्बिनो हा वाचलेला खेळाडू गेलेल्यांच्या वस्तू गोळा करत राहतो. पत्रं, घड्याळं, गळ्यातले क्रूस. हेलिकॉप्टर आल्यावरही ते सोबत घेतल्याशिवाय तो हलत नाही. ते खऱ्या आयुष्यातही त्याने घरोघरी पोचवलं. संघ म्हणजे काय, हे मुलांना समजवायला मला यापुढे काही बोलावं लागलं नाही.

उणिवा आहेत, आणि त्या लपवणार नाही. रग्बी सुरुवातीच्या काही मिनिटांपुरतीच आहे. खेळाची चुरस शोधणाऱ्यांना रुखरुख लागेल. जिवंत राहण्यासाठी गेलेल्या सोबत्यांच्या देहाचं मांस खाण्याचा भाग बायोना अंगावर येईल असा दाखवत नाहीत, पण टाळतही नाहीत, म्हणून चौदा-पंधराच्या खालच्या मुलांसमोर मी हा चित्रपट लावणार नाही. स्पॅनिश ऐकत सबटायटल वाचायचा काहींना कंटाळा येतो. आमच्याकडे पहिला अर्धा तास कुजबुज होती, नंतर विरली.

घरी राहिलेल्या माणसांच्या बाबतीत मात्र 'मार्शल' पुढे आहे, हे मान्य करायला हवं. 'सोसायटी ऑफ द स्नो'मध्ये घरं फार थोडी दिसतात. शेवटी वाचलेल्यांची यादी वाचली जाते तो प्रसंग आहे. ती यादी प्रत्यक्षात वाचणारे चित्रकार कार्लोस पाएस विलारो यांची भूमिका त्यांचा वाचलेला मुलगा कार्लितोस यानेच केली आहे. तो क्षण हलवून सोडतो. पण ज्यांचं नाव त्या यादीत आलं नाही, त्यांच्या घरी पुढे काय झालं, इथे चित्रपट फारसा जात नाही. गेलेल्या मुलांच्या आयांनी १९७३ मध्ये शहरात एक वाचनालय सुरू केलं आणि त्याला 'आमची मुलं' असं नाव दिलं. त्या बायकांसाठी चित्रपटात जागा असती तर मला फार आवडलं असतं.

उलट 'मार्शल'ची सुरुवातच गावाच्या रीतीने होते. विद्यापीठाच्या आवारात गेलेल्यांसाठी कारंजं आहे. दरवर्षी १४ नोव्हेंबरला त्याचं पाणी थांबवतात आणि वसंतात परत सोडतात. ते कारंजं १२ नोव्हेंबर १९७२ ला अर्पण झालं. त्या दिवशी नुमा आणि बाकीची पोरं अँडीजच्या बर्फात महिनाभर अडकलेली होती आणि जगाने त्यांचा शोध केव्हाच सोडून दिला होता. दोन्ही चित्रपट पाहून झाल्यावर ही तारीख माझ्या नजरेला पडली. तेव्हापासून मी ती शिबिरात सांगतो.

तर माझा कल 'सोसायटी ऑफ द स्नो'कडे. खेळाडू सोळा-सतराच्या पुढचे असतील, नंतर बोलायला तासभर हाताशी असेल, तर तोच लावा. संघ लहान मुलांचा असेल, किंवा नुकताच मोठा पराभव झाला असेल आणि उद्या सकाळी पुन्हा मैदानावर यायचं बळ हवं असेल, तर 'वी आर मार्शल' लावायला माझी ना नाही. फक्त चित्रपट संपल्यावर ग्रिफिन आणि ॲनी रचलेले आहेत हे मुलांना सांगा, आणि हंटिंग्टनच्या त्या सत्तर मुलांबद्दलही बोला. तुमच्या संघात किंवा गावात अलीकडे कुणी गेलं असेल, तर दोन्हींपैकी काहीही लावण्याआधी त्या घरी जाऊन विचारून या. आम्ही विचारलं होतं. त्या वडिलांनी होकार दिला आणि स्वतःही येऊन मागच्या रांगेत बसले.