लाइट आणि लॉक एकदम गेले, तर ‘बीसीएम उडालं’ यावर लगेच विश्वास ठेवू नका

छतावरचा दिवा लागत नाही, रिमोट दाबला तरी चारही दारं गप्प, गाडी मात्र सुरू होते. बोरिवलीतल्या एका गाडीमालकाला याच तक्रारीवर गॅरेजवाल्याने सांगितलं, “बीसीएममध्ये पावसाचं पाणी गेलंय.” बीसीएम म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूल, दिवे आणि लॉक चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा. तो बदलल्याचे साडेसोळा हजार घेतले. बिलावर फक्त ‘इलेक्ट्रिकल काम’. जुना मॉड्यूल मागितला तर “स्क्रॅपमध्ये गेला.” पुढे दुसऱ्या इलेक्ट्रिशियनने पॅनल उघडलं, तर मूळ मॉड्यूल जागच्या जागी होता, स्टिकरवरची धूळसुद्धा पुसलेली नव्हती. बदलला होता फक्त एक फ्यूज.

थाप खपते कारण दोन्ही गोष्टी एकाच वेळी बंद पडलेल्या दिसतात. पण बऱ्याच गाड्यांत छताचा दिवा, सेंट्रल लॉकिंग आणि कधीकधी घड्याळही एकाच फ्यूजवर असतं. तेव्हा पहिला संशय त्याच्यावरच घ्यायचा. त्याआधी दिव्याचं बटण बघा. मागे मुलं बसली की ते ‘डोअर’वरून ‘ऑफ’वर गेलेलं हमखास सापडतं.

फ्यूज बॉक्स बहुधा स्टिअरिंगच्या बाजूला, डॅशखाली. कुठला फ्यूज कशाचा, ते झाकणाच्या आत किंवा मॅन्युअलमध्ये असतं. गाडीच्या १२ व्होल्ट टेस्टरची (वायर-क्लिपवाला, घरातला नव्हे) क्लिप बॉडीच्या रंग नसलेल्या बोल्टला लावा आणि टोक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या ठिपक्यांना आळीपाळीने टेकवा. दोन्हीकडे टेस्टर पेटला तर फ्यूज शाबूत. एकीकडेच पेटला तर उडालेला. कुठेच नाही, तर मागून सप्लायच येत नाही. लाल फ्यूज १० अँपिअरचा, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. काढला त्याच आकड्याचा बसवा. लालच्या जागी हिरवा ठोकणारे महाभाग आहेत. मग शॉर्ट झाला की फ्यूजआधी वायर जळते.

नवा फ्यूजही लगेच उडाला तर खरं काम सुरू होतं. दार आणि खांब यांच्यामधली रबरी नळी सरकवून आतल्या वायरी पाहा, आधी ड्रायव्हरच्या दाराच्या. रोजच्या उघडमिटीने त्या तिथेच सोलतात, तुटतात. दार हलवताना लॉक मध्येच चालू, मध्येच बंद होत असेल तर दोष बहुतेक तिथलाच. दुसरी जागा म्हणजे बाहेरून बसवलेली एलईडी पट्टी, जिला छताच्या दिव्यातून करंट ओढलेला असतो. तशी असेल तर ती सोडवून पुन्हा तपासा.

पाण्याची गोष्ट दर वेळी खोटी नसते. वायपरखालच्या जाळीचा निचरा पानांनी तुंबला की मुंबईच्या पावसात पाणी डॅशखाली उतरू शकतं. पण मग कार्पेट ओलं लागतं, कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर दिसतो. “दाखवा” म्हणा.

एकच दार लॉक होत नसेल तर संशय आधी त्या दारावर घ्या. आत मोटरचा आवाज येतो पण खटका हलत नाही, तर खटका हलवणाऱ्या यंत्रणेचा, म्हणजे अ‍ॅक्च्युएटरचा गिअर किंवा दांडी. आवाजच नाही, तर मोटर किंवा तिची वायर.

मॉड्यूल बदलायचाच झाला तर आधी जुन्याच्या स्टिकरचा फोटो काढा, नव्याचा पार्ट नंबर बिलावर लिहून घ्या आणि जुना हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. भंगारातला वापरलेला नकोच: इमोबिलायझर (ओळखीच्या चावीशिवाय गाडी सुरू होऊ न देणारी यंत्रणा) त्याच्याशी जोडलेला असेल तर कोडिंगशिवाय, म्हणजे मॉड्यूल त्या गाडीशी जुळवून घेतल्याशिवाय, गाडीच सुरू होणार नाही.

पैसे आधीच गेले असतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षांची, आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही.