काकांचं विष, आजीची गोळी आणि प्रोटीन डेटा बँक

देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे आणि मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. गेल्या पौषात मोहोरावर तुडतुडे आले म्हणून आबाकाकांनी सकाळपासून दुपारपर्यंत फवारणी केली. औषध ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं. हातात मोजे नाहीत, तोंडाला फडकं नाही, वारा समोरून. घरी आले ते घामाने निथळत, तोंडातून लाळ गळतेय, दंडाचे स्नायू आपोआप उडतायत. "माका काय दिसना नाय गे," म्हणाले. मी बॅटरी मारून पाहिलं, डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. ज्या दुकानातून ते औषध आणलं तिथे बाटली देताना कुणी सावधगिरीचा एक शब्द सांगितला नव्हता. त्याचा राग अजून गेलेला नाही.

अ‍ॅट्रोपिन दिलं, मग प्रॅलिडॉक्झिम, दोन्ही या विषावरचे उतारे. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. काका वाचले. पण वेळेत म्हणजे नेमकं काय, उशीर झाला असता तर आत काय बिघडलं असतं, हे मला डोळ्यांनी बघायचं होतं. त्यासाठी प्रोटीन डेटा बँकेची, म्हणजे प्रथिनांच्या त्रिमितीय रचना साठवणाऱ्या संग्रहाची, वेबसाइट वापरायला लागले. वर्षभर वापरल्यावर हे लिहिते आहे.

ही बँक 1971 साली अमेरिकेत अवघ्या सात रचनांवर सुरू झाली. आज तिथे दोन लाखांहून जास्त रचना आहेत, सगळ्या फुकट. खातं उघडायला लागत नाही, फोन नंबर मागत नाहीत. शोधाच्या चौकटीत 1EVE हा रचनेचा संकेतांक टाकला की अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेज हे एन्झाइम उघडतं, डोनेपेझिल हे त्याचं काम रोखणारं औषध आत बसलेल्या अवस्थेत. काकांचं विषही याच एन्झाइमवर घाव घालतं. रचना 1999 ची आहे. एन्झाइम आहे विजेचा झटका देणाऱ्या टॉर्पीडो माशाचं, म्हणजे आपल्या रापणीत येणाऱ्या पाखटाच्या लांबच्या नात्यातल्या माशाचं. त्याच्या वीज तयार करणाऱ्या अवयवात हे एन्झाइम भरपूर असतं, म्हणून 1991 मध्ये त्याची पहिली रचनाही याच माशापासून मिळाली.

स्ट्रक्चरच्या टॅबवर गेलात की आधी नुसत्या रंगीत फिती दिसतात. तिथेच बरेच जण कंटाळून परत फिरतात. तसं करू नका. औषधाच्या रेणूवर, E20 अशा नावावर, बोट ठेवा. चित्र आपोआप जवळ येतं आणि त्याच्या भोवतीची अमिनो आम्लं उघडी होतात. मला दिसली ती चिऱ्यांनी बांधलेली अरुंद विहीर. खोली सुमारे 20 अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग), आणि आतून चिऱ्यांच्या जागी ट्रिप्टोफॅन, टायरोसिन, फेनिलअलॅनिन यांची सपाट वलयं. डोनेपेझिल विहिरीत उभ्या सोडलेल्या बांबूसारखं आहे. एक टोक तळाजवळ ८४ क्रमांकाच्या ट्रिप्टोफॅनला टेकलेलं, दुसरं काठाशी २७९ क्रमांकाच्या. मधे लाल ठिपके दिसतात, ते पाण्याचे रेणू. तळाशी २०० क्रमांकाचं सेरीन आहे, आणि खरं काम तिथे चालतं. नसांमधून आलेलं, त्यांचा निरोप पोचवणारं अ‍ॅसिटिलकोलिन तिथे तुटतं, सेकंदाला हजारो रेणू. बांबूने सेरीनला हात लावलेला नाही, फक्त वाट अडवली आहे. म्हणून तो निघूनही जातो.

आता 1CFJ उघडा. मासा तोच, एन्झाइम तेच, पण विष सारिन, ऑर्गॅनोफॉस्फेटांच्याच कुळातलं. इथे फॉस्फरस थेट सेरीनला रासायनिक बंधाने जोडलेला आहे, आणि रेणूचा एक तुकडा गळून गेला आहे. तो तुकडा गळला की प्रॅलिडॉक्झिमला फॉस्फरस उपटून काढता येत नाही. काही विषांत हे मिनिटांत घडतं, काहींत तासांनी. डॉक्टरांचं "वेळेत" हेच होतं. अ‍ॅट्रोपिन एन्झाइम दुरुस्त करत नाही, साठलेल्या अ‍ॅसिटिलकोलिनचा लाळ-घाम-श्वासावरचा मारा तेवढा अडवतं.

हे मी पडवीत बसून काकांना दाखवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे झऱ्यार सिमेंट पडला. ओला आसा तवसर खरवडूक गावता, सुकला काय संपला." माझ्या वर्गात मी आता हेच वाक्य वापरते.

तक्रारीही आहेत. सगळं इंग्रजीत आहे. बारावीच्या मुलांना पहिले दोन दिवस शेजारी बसून दाखवावं लागतं. आमच्याकडे रेंज जाते-येते, तेव्हा मोठी रचना फोनवर अर्धवट उघडून थांबते. कॉलेजच्या संगणकावर नीट चालते. आणि नवख्याला कुणी सांगत नाही की २.५ अँगस्ट्रॉम इतक्या स्पष्टतेच्या रचनेत हायड्रोजन दिसतच नाहीत. जिथे बंध काढलेला दिसतो तिथे थोडा अंदाजही असतो. म्हणून तपासणी अहवाल बघायची सवय लावा. त्यात रामचंद्रन आलेख भेटेल, प्रथिनाच्या साखळीतले कोन शक्य आहेत का ते दाखवणारा, मद्रासमध्ये 1963 साली जी. एन. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी मांडलेला. जगातली प्रथिनांची प्रत्येक रचना आजही त्याच्यावर तपासली जाते, हे मुलांना सांगताना माझा ऊर भरून येतो. माशाऐवजी माणसाचं एन्झाइम हवं असेल तर 4EY7 बघा. तिथेही डोनेपेझिलच आहे.

डोनेपेझिल आमच्या घरात रोज रात्री घेतलं जातं. आजीला अल्झायमर आहे. काकांनी चित्र बोटाने फिरवत विचारलं, "मगे आयेची गोळी पण थयच बसता?" हो, त्याच विहिरीत. मेंदूत कमी पडलेलं अ‍ॅसिटिलकोलिन थोडा जास्त वेळ टिकावं म्हणून, डॉक्टरांनी मोजून दिलेल्या मात्रेत. काकांनी फोन खाली ठेवला आणि आत जाऊन आजीच्या पायांशी बसले.

यंदा मोहोर येण्याआधी या दोन रचनांची चित्रं कॉलेजात छापून पंपाच्या खोलीत लावली आहेत. खाली खिळ्याला हातमोजे आणि मास्क टांगलेत.