जामीनदार म्हणून सही करण्याआधी हे वाचा

आमच्या घरी भाड्याने राहणाऱ्या एका माणसाचा धंदा बसला, त्यात बायको आजारी. वडिलांनी कित्येक महिन्यांचं भाडं सोडून दिलं, वर औषधपाण्याला पैसे दिले. पुढे त्याने पिकअप घ्यायला पतसंस्थेतून तीन लाखांचं कर्ज काढलं आणि वडील जामीन राहिले. "गुरुजी, तुमची फक्त सही. हप्ता मी भरतो." ती 'फक्त सही' म्हणजे कागदांचा गठ्ठा होता आणि त्यात पगारकपातीचं संमतीपत्रही होतं.

वर्षभर हप्ते गेले, मग थांबले. गडी गाव सोडून गेला. संस्थेने महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली वसुली दाखला, म्हणजे थकबाकी वसूल करायचा अधिकृत आदेश, मिळवला आणि वडिलांचा पगार कापला जाऊ लागला. आधी कर्जदाराला धरतील, मग जामीनदाराकडे येतील, असं आमच्याकडे सगळेच धरून चालतात. पण भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आणि महिन्याच्या महिन्याला पगार होणारा माणूस वसुलीला आधी सापडतो.

पैशांचं एक वेळ सोसलं असतं. पण त्या भाडेकरूने संस्थेला लेखी दिलं की कर्ज नावापुरतं माझं, रक्कम गुरुजींनीच वापरली. वडिलांनी ते पत्र उभ्याउभ्याच वाचलं, घडी घालून मॅनेजरच्या टेबलावर ठेवलं आणि घरी येईपर्यंत तोंडातून शब्द काढला नाही. ज्याला अडीनडीला सांभाळलं, त्यानेच केसाने गळा कापला.

आज त्याला बाजारपेठेत कुणी उधार देत नाही, हे योग्यच झालं. पण मला खरा राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. वडिलांचा एक हुशार विद्यार्थी शैक्षणिक कर्जासाठी जामीन मागायला आला. दारी आलेल्याला कधी रिकाम्या हाती न पाठवणाऱ्या माणसाने त्याला नाही म्हटलं. त्या पोराचा काय गुन्हा होता?

जामीन राहायचंच असेल तर प्रत्येक कागद वाचा, प्रती मागून घ्या. हप्ते भरले जातायत का, हे अधूनमधून संस्थेत जाऊन विचारा, कर्जदाराच्या तोंडी सांगण्यावर राहू नका. सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयाची वसुलीची नोटीस आली तर सुनावणी चुकवू नका. कर्जदाराची गाडी, जमीन कुठे आहे ते तिथे लेखी द्या. पैसे भरावेच लागले तर पावत्या जपा. करार कायद्याच्या कलम १४५ प्रमाणे ती रक्कम कर्जदाराकडून वसूल करण्याचा हक्क तुम्हाला आहे, मात्र पैसे भरल्यापासून ३ वर्षांच्या आत दावा दाखल करावा लागतो. आम्ही तो केला आहे.