पीयूसीच्या मुलांना आधी पियाजे सांगावा की व्हायगॉट्स्की?

बेळगाव-खानापूरकडं पीयूसीला, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीला, शिक्षणशास्त्र शिकवणाऱ्या आम्हा मंडळींत हा विषय दर जूनला निघतो. लहान मुलाचा विचार कसा वाढतो हे सांगायचं, तर सुरुवात कुणापासून? दोघेही मुलांच्या मनाचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ, दोघेही 1896 साली जन्मलेले, दोघांचीही नजर बारीक. मी दोन्ही क्रमांनी शिकवून पाहिलंय.

वर्ग पकडायचा तर पियाजेंना तोड नाही. शेजारचं पाच वर्षांचं पोर बोलवा, दोन सारख्या पेल्यांत ताक ओता, मग त्याच्यादेखत एका पेल्यातलं ताक उंच, निमुळत्या ग्लासात घाला. पोर ग्लासाकडं बोट करून "ह्यात जास्त" म्हणतं आणि मागच्या बाकावरचेसुद्धा उठून पुढं येतात. पॅरिसमध्ये बुद्धिचाचण्यांवर काम करताना पियाजेंना मुलांच्या चुकलेल्या उत्तरांतच गोडी वाटू लागली होती, हे सांगायला याहून चांगली वेळ नाही.

मला खटकतं ते त्यापुढचं. मुलाचा विचार वयानुसार चार अवस्थांतून वाढतो, असं पियाजे सांगतात; त्या अवस्थांचा तक्ता फळ्यावर आला की मुलं तो उतरवून घेतात आणि पोर बाजूलाच राहतं. त्यात शेवटची अवस्था 11-12 व्या वर्षी सुरू होणारी आणि समोर बसलेली मुलं 16-17 ची. म्हणजे ती शिडीच्या वरच्या पायरीवर, धाकटी भावंडं खाली. घरी जाऊन भावाची परीक्षा घ्यायची आणि "तू अजून दुसऱ्याच अवस्थेत" म्हणून त्याला चिडवायचं, असं दर वर्षी होतं. वहीत अवस्थेचं नाव असतं, भाऊ काय बोलला ते नसतं. शेवटची अवस्था सगळ्यांना एकाच वयात येते असं नाही, ती 15 ते 20 पर्यंतही लांबू शकते आणि ज्याच्या-त्याच्या आवडीच्या कामात आधी दिसू शकते, हे खुद्द पियाजेंनी 1972 मध्ये मांडलंय. पण तक्ता पाठ झाल्यावर हे कोण ऐकतो?

व्हायगॉट्स्की सुरुवातीला फिके वाटतात, हे मान्य. 'निकटतम विकासाचं क्षेत्र', म्हणजे मुलाला एकट्यानं जमत नाही पण थोड्या मदतीनं जमतं तेवढा टप्पा, असं म्हटलं की वर्ग जांभया देतो. म्हणून मी तिथून सुरूच करत नाही. लहान मूल एकटं खेळताना काय पुटपुटतं, ते जसंच्या तसं लिहून आणा, एवढंच सांगतो. आपल्या भागात तर याची चंगळच. एका मुलीनं कन्नड शाळेत जाणाऱ्या बहिणीचं बोलणं टिपून आणलं होतं. चिंचोके मांडताना ती "ओंदु, एरडु, मूरु" मोजत होती आणि एखादा घरंगळला की "थांब की रे, कुठं चाललास" म्हणून मराठीत दटावत होती. त्या दोन ओळींवर अख्खा तास गेला. पियाजेंनी असल्या बोलण्याला आत्मकेंद्री म्हटलं, वयाबरोबर ते विरतं असं मानलं. व्हायगॉट्स्कींच्या मते ते विरत नाही, आत जातं आणि त्याचाच विचार होतो.

पुढच्या आठवड्यात त्याच मुलीनं, उत्तर न सांगता, बहिणीला दहा-दहाचे ढीग करायला लावले आणि वीसच्या पुढं नेलं. ते अवघड नाव मी तेव्हा फळ्यावर लिहिलं. थोरल्यांना इथं परीक्षकाची खुर्ची मिळत नाही, काम मिळतं. माझा कल इकडं झुकला तो यामुळं.

अर्थात वर्ग मोठा, तास मोजके आणि परीक्षेत तक्ता हमखास येणार असेल, तर पियाजेंपासून सुरुवात करायला हरकत नसावी, फक्त तक्ता शेवटच्या तासाला ठेवा. थोडी मोकळीक असेल तर महिनाभर पुटपुटणंच ऐकू द्या आणि ताकाचा प्रयोग मागाहून घ्या. तोवर "ह्यात जास्त" ऐकून हसण्याऐवजी "का रे, असं का वाटलं?" विचारायची सवय मुलांना लागलेली असते.