गरिबीविरोधी ऑनलाइन मोहीम: चेहरा, आकडा, खेळ की शोधजाहिरात?

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतून द्राक्षबागांच्या आणि वीटभट्ट्यांच्या कामासाठी घर सोडणाऱ्या कुटुंबांसोबत काम करणारी नाशिकची एखादी लहान संस्था पहिल्यांदाच ऑनलाइन मोहीम करू पाहते, तेव्हा तिच्यासमोर साधारण चार वाटा असतात: एका माणसाची गोष्ट सांगणारा व्हिडिओ, आकडेवारीचे चित्र, बघणाऱ्याला हाताने करून पाहायला लावणारा खेळ आणि गूगलवर काही शोधणाऱ्याला दिसणारी शोधजाहिरात. पैसे बहुधा एकाच वाटेला पुरतील इतके असतात.

चेहरा आणि आकडा यांतील निवड सर्वांत महत्त्वाची आहे, आणि सुदैवाने तिच्याबाबत चांगला पुरावा उपलब्ध आहे. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेन्स्टाइन आणि पॉल स्लोविक यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांच्या हाती पाच डॉलर देऊन त्यांतून दान करण्याची संधी दिली होती. आफ्रिकेतील उपासमारीची आकडेवारी वाचणाऱ्यांनी सरासरी १.१४ डॉलर दिले, माली देशातील रोकिया नावाच्या मुलीची माहिती वाचणाऱ्यांनी २.३८ डॉलर दिले, आणि ज्यांच्यासमोर दोन्ही एकत्र ठेवले त्यांचे दान १.४३ डॉलरवर आले. आपल्याकडील संस्थांना हा तिसरा निष्कर्ष विशेष लागू पडतो, कारण एकाच पोस्टरवर बोधचिन्ह, विश्वस्तांची छायाचित्रे, लाभार्थ्यांची संख्या आणि खाते क्रमांक कोंबण्याची सवय आपल्याला फार आहे. आकडे निरुपयोगी आहेत असे मात्र नव्हे. २०१३-१४ ते २०२२-२३ या काळात देशातील २४.८२ कोटी लोक बहुआयामी गरिबीतून (म्हणजे आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान यांतील वंचिततेतून) बाहेर पडले, हा नीती आयोगाचा अंदाज सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यातील सीएसआर (कंपनीच्या सामाजिक उत्तरदायित्वाचा निधी पाहणाऱ्या) अधिकाऱ्यासमोर मांडण्याच्या प्रस्तावात शोभतो, कारण तो अधिकारी मग जिल्ह्याचे चित्र विचारतो आणि बोलणे पुढे सरकते. मोबाइलवर अंगठ्याने पुढे ढकलल्या जाणाऱ्या जाहिरातीत तोच अंदाज कोणालाही थांबवत नाही.

चेहऱ्याची बाजू वरचढ असली, तरी तो चेहरा लहान मुलाचा नसावा, असे माझे स्पष्ट मत आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख माध्यमांतून उघड करता येत नाही; त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. कामगार कायद्यांचा भंग करून कामाला लावलेले किंवा रस्त्यावर राहणारे मूल या व्याख्येत येते, म्हणजे वीटभट्टीवर राबणाऱ्या मुलाचा ‘हृदयस्पर्शी’ फोटो टाकणारी संस्था त्या मुलाचे आणि स्वतःचेही नुकसान करून घेते. कायदा बाजूला ठेवला तरी केविलवाण्या चेहऱ्यांचा अतिरेक जगभर टीकेचा विषय झाला आहे. नॉर्वेतील विद्यार्थ्यांच्या साईह या संस्थेने २०१२ मध्ये आफ्रिकेतील लोक थंडीने गारठलेल्या नॉर्वेकरांसाठी रेडिएटर गोळा करत आहेत असा उपहासात्मक व्हिडिओ काढून याच जाहिरातींची खिल्ली उडवली. तो अवश्य पाहावा, पण त्याचे अनुकरण करू नये. त्या उपहासाचा रोख जाहिराती करणाऱ्यांवर होता, आणि लहान संस्थेला गाठायचा असतो तो देणगीदार.

म्हणून व्हिडिओत प्रौढ व्यक्तीने स्वतः बोलावे आणि आपल्या बोलीत बोलावे. सुरगाण्याची बाई कोकणा बोलीत, वीटभट्टीच्या कामासाठी आगाऊ घेतलेली उचल फेडण्यात पावसापर्यंतचे महिने कसे जातात ते सांगत असेल आणि खाली मराठी अक्षरे येत असतील, तर आवाज बंद ठेवून पाहणाऱ्यालाही ते कळते, आणि तिच्यावर दया दाखवणारा निवेदक मध्ये लागत नाही.

खेळाची कल्पना ऐकायला सर्वांत सर्जनशील वाटते. अमेरिकेतील डरहॅम शहराच्या एका मदतसंस्थेसाठी २०११ मध्ये ‘स्पेंट’ नावाचा खेळ तयार झाला. त्यात नोकरी गेलेल्या माणसाच्या जागी बसून १,००० डॉलरमध्ये महिना काढायचा असतो. मात्र जीना रूसॉस आणि जॉन डोव्हिडिओ यांच्या २०१६ च्या अभ्यासात हा खेळ खेळल्याने गरिबांविषयीची वृत्ती सुधारल्याचे दिसले नाही, आणि ज्यांची कष्टाचे फळ मिळतेच अशी ठाम श्रद्धा होती, त्यांच्यात ती उलट बिघडली. खेळात प्रत्येक वळणावर निर्णय खेळणाऱ्याच्या हाती असतो, त्यामुळे गरिबी ही नीट निवड न केल्याचा परिणाम आहे अशी समजूत बळावते. उचल घेतलेल्या कुटुंबाला मुळात निवडीला जागाच किती असते? महाविद्यालयातील कार्यशाळेत, नंतर चर्चा होणार असेल, तर असा खेळ चालेल; देणगी मागण्यासाठी त्यावर खर्च करू नये. बरोबर उत्तरागणिक तांदूळ दान करणारे ‘फ्रीराइस’ हे २००७ चे संकेतस्थळ वेगळ्या जातीचे आहे, पण त्यासाठी कायमचा प्रायोजक हवा.

शोधजाहिरातीचा विचार थोडक्यात होतो. गूगल पात्र सामाजिक संस्थांना दरमहा १०,००० डॉलरपर्यंतच्या मजकुरी जाहिराती मोफत देते, मात्र जाहिरात जितक्या वेळा दिसते त्याच्या तुलनेत क्लिकचे प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली जाऊ न देण्याची अट असते. जो आधीच ‘नाशिक अन्नदान’ असे काही शोधत आहे, त्याच्यापर्यंत ही जाहिरात पोहोचते. ज्याने कधी विचारच केला नाही, त्याला ती हलवू शकत नाही. फुकट असल्यामुळे अर्ज करून ठेवावा, पण मोहीम तिच्यावर उभी करू नये. परदेशातून क्लिक येऊ लागल्यास सावध राहावे: परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकाची देणगी एफसीआरए (परकीय देणग्यांचे नियमन करणारा कायदा) नोंदणीशिवाय स्वीकारता येत नाही, तर भारतीय नागरिकत्व कायम असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम त्या कायद्याच्या अर्थाने परकीय ठरत नाही.

तेव्हा पैसा व्हिडिओवर लावावा आणि तो २ ते ८ ऑक्टोबरच्या दानउत्सव या दान-सप्ताहात प्रसिद्ध करून १७ ऑक्टोबरच्या आंतरराष्ट्रीय गरिबी निर्मूलन दिनापर्यंत चालवावा. द्राक्षबागेतील मजूर दाखवायचे असतील, तर ऑक्टोबर छाटणीची वाट पाहून हे जमणार नाही; चित्रीकरण एप्रिलच्या खरड छाटणीतच उरकावे आणि तयार झालेला व्हिडिओ त्यात बोलणाऱ्या व्यक्तीला तिच्या पाड्यावर जाऊन दाखवून, तिची संमती पुन्हा घेऊन मगच पुढे जावे.