आई-बाबांच्या ग्रीन कार्डसाठी वकील केली, त्याचा दीड वर्षाचा अनुभव

नुसते फॉर्म भरायला वकील लागत नाही, हे आधीच सांगून टाकते. तरीही तिला दिलेले 3,200 डॉलर मला जड वाटत नाहीत. तिच्या ऑफिसच्या कारभाराला मात्र मी पाचपैकी अडीचच देईन.

मी अमेरिकन नागरिक, आई-बाबा साताऱ्याला. नागरिकाच्या आई-वडिलांसाठी वार्षिक कोटा नसतो, त्यामुळे वर्षानुवर्षांची रांग नाही. दोघांचा मिळून एक अर्ज मात्र चालत नाही; आईचा आय-130 (नातेवाईकासाठी नागरिकाने भरायचा अर्ज) वेगळा, बाबांचा वेगळा. जून 2024 मध्ये ऑनलाइन भरले तेव्हा प्रत्येकी 625 डॉलर सरकारचे, वकिलीणबाईंची फी त्यावर.

पैसे खरे वसूल झाले ते पहिल्या तासाभराच्या कॉलमध्ये. आमच्या इथे चार मराठी माणसं जमली की एकच सल्ला मिळतो: "त्यांचा व्हिजिटर व्हिसा आहे ना? बोलावून घे आणि इथूनच भर." मी तेच करणार होते. वकिलीणबाईंनी शांतपणे विचारलं, "विमानतळावर किती दिवस राहणार असं विचारलं, तर वडील काय सांगतील?" म्हटलं, सहा महिने. "आणि मनात काय असेल?" मी गप्प. आलेल्या माणसाचा विचार पुढे खरोखर बदलला तर गोष्ट वेगळी, पण कायमचं राहायचं ठरवून पाहुणा म्हणून आत येणं हे खोटं बोलणं धरलं जाऊ शकतं आणि त्यापायी दार कायमचं बंद होऊ शकतं, हे त्यांनी समजावून सांगितलं. आणखी एक: आय-130 भरला की पुढे पर्यटक व्हिसा मागताना त्या फॉर्ममध्ये त्याबद्दल थेट प्रश्न असतो. म्हणजे मधल्या काळात नातवंडांना भेटायला येणंही अवघड. हे मला कुणीच बोललं नव्हतं. मुंबईच्या वकिलातीमार्फतच जायचं ठरलं.

मग आईच्या नावाचं प्रकरण. आईचा जन्म 1954 चा, जन्मदाखला नाही. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदाच 1969 चा आणि अंमल एप्रिल 1970 पासून, त्यामुळे तिच्या पिढीत हे घरोघरी आहे. हाताशी काय, तर शाळा सोडल्याचा दाखला. त्यावर माहेरचं नाव. आणि पासपोर्टवर बाबांनी लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेलं नाव! आडनाव, मधलं नाव, पहिलं नाव, तिन्ही वेगळी. अमेरिकेतल्या कुणालाही त्या दोन वेगळ्या बायका वाटणार. ताटाची गोष्ट सांगितल्यावर वकिलीणबाई हसल्या, पण लगेच कामाला लागल्या. मोठे मामा आणि आत्तेमावशी यांची प्रतिज्ञापत्रं करायची ठरली. "ही आमची बहीण" एवढं लिहून भागत नाही. लिहून देणाऱ्याची जन्मतारीख, जन्मस्थळ, पत्ता, नातं आणि मुख्य म्हणजे जन्माची माहिती त्याला कशी आहे, हे सगळं हवं. मामांनी लिहून दिलं की आई जन्मली तेव्हा ते दहा वर्षांचे होते आणि सुईणीला बोलवायला तेच पळाले होते. मसुदा वकिलीणबाईंचा, सुईण मामांची.

आई-बाबांचं लग्नही नोंदलेलं नव्हतं. वडिलांच्या अर्जाला आई-वडिलांच्या लग्नाचा पुरावा लागतो, तेव्हा या वयात दोघं नगरपालिकेत जाऊन नोंदणी करून आले. त्या दाखल्यावर आईची दोन्ही नावं आली, ते एक बरं झालं. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर जोडलं, खाली भाषांतरकाराच्या सहीचं निवेदन.

आता तक्रार. सही केल्यावर वकिलीणबाई दिसेनाशा होतात आणि समोर येतात त्यांच्या मदतनीस. दीड वर्षात आमच्या तीन बदलल्या. एका ईमेलला उत्तर यायला नऊ दिवस लागले. डीएस-260 च्या, म्हणजे इमिग्रंट व्हिसाच्या ऑनलाइन अर्जाच्या मसुद्यात बाबांचं जन्मसाल 1949 चं 1994 झालं होतं, म्हणजे बाबा माझ्यापेक्षा लहान! मी फोनवर बाबांना एकेक ओळ वाचून दाखवत होते म्हणून सापडलं. शिवाय फ्लॅट फी म्हटलं तरी करारात बारीक अक्षरात होतं की सरकारकडून जादा पुरावे मागवले गेले तर त्या उत्तराचे पैसे वेगळे. आमच्यावर ती वेळ आली नाही, पण सही करण्याआधी मी ते वाचलं नव्हतं, हेही खरं.

आय-864 च्या, म्हणजे आई-बाबांची आर्थिक जबाबदारी घेण्याच्या हमीपत्राच्या वेळी मात्र वकिलीणबाई स्वतः कॉलवर आल्या आणि नवऱ्यालाही बसवायला सांगितलं. उत्पन्न गरिबी रेषेच्या 125 टक्के हवं, आणि घरातल्या माणसांत आई-बाबाही मोजायचे, म्हणजे आम्ही सहा. ते जमत होतं. पण ही जबाबदारी आई-बाबा नागरिक होईपर्यंत किंवा कामाच्या 40 तिमाह्या भरेपर्यंत सहसा सुटत नाही, हे ऐकून नवरा जरा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "सही कुठे करायची?"

आय-130 ची मंजुरी ऑगस्ट 2025 मध्ये, मुलाखत डिसेंबरात, मुंबईच्या वकिलातीत, बीकेसीला. बाबा आदल्या रात्री झोपले नाहीत आणि आत प्रश्न आले चार-पाच. त्यातला एक आईच्या नावाचा होता. अधिकाऱ्याने मामांचा कागद वाचला आणि पुढे सरकवला.

वकील शोधणाऱ्यांना एवढंच सांगेन: परवाना आहे का ते त्या राज्याच्या बारच्या (वकिलांच्या संघटनेच्या) साइटवर बघा. इमिग्रेशन कायदा केंद्राचा, त्यामुळे कुठल्याही एका राज्याचा परवाना चालतो. आमच्या वकिलीणबाई दुसऱ्या राज्यात, प्रत्यक्ष भेट कधीच नाही. "व्हिसा कन्सल्टंट" म्हणवणाऱ्यांकडून कायद्याचा सल्ला घेऊ नका.

भावाचा आय-130 मी गेल्या महिन्यात स्वतःच भरला. भारतातल्या भावंडांच्या रांगेत 2025 साली 2006 मध्ये अर्ज भरलेल्यांचा नंबर चालू होता. वकिलीणबाईंना विचारलं तर म्हणाल्या, भरून ठेव, पण भाचीची त्यातून आशा धरू नकोस, नंबर येईपर्यंत ती एकवीसच्या पुढे गेलेली असेल. ती आत्ता पाचवीत आहे. भावाला पावतीचा फोटो पाठवला, त्याने अंगठा दाखवला आणि विचारलं, आई-बाबांची तिकिटं काढलीस का?